हरिपूरचीं पेवें आणि खिडकीवरच्या माश्या

गेल्या मार्गशीर्षांत आमच्या मामेबंधूंच्या आग्रहावरून हरिपूरास चार-सहा दिवस राहण्याचा योग आला. सांगलीपासून कोसभर अंतरावर, कृष्णा आणि वारणा ह्या दोन नद्यांच्या संगमावर हें गांव वसलें आहे. भाविकांस तें संगमेश्वराच्या देवालयामुळें ठाऊक असतें, नाट्यरसिकांस ‘शारदा’ नाटकाचे कर्ते गोविंद बल्लाळ देवल यांचें जन्मस्थान म्हणून, आणि हळदीच्या व्यापाऱ्यांस तेथील पेवांमुळें. मी ह्या तिहींपैकीं कोणत्याही कारणानें निघालों नव्हतों. घरांतील एका वादापासून चार दिवस दूर राहावें एवढाच माझा हेतु होता. आणि त्या वादाचें मूळ जोंधळ्याच्या एका पिंपांत होतें.

हकीकत अशी. आमचें लहानथोर मिळून चौदा माणसांचें एकत्र कुटुंब. वर्षाचें धान्य एकदम भरून ठेवण्याची वडिलांची चाल आम्हीं अद्याप सोडलेली नाहीं. दोन वर्षांपूर्वीं श्रावणांत जोंधळ्यास टोके लागले (कोणी त्यांस सोंडे म्हणतात), तेव्हां आमचे धाकटे चिरंजीव बाजारांतून धान्यांत ठेवावयाच्या कसल्याशा गोळ्या घेऊन आले. दुकानदारानें त्या कागदाच्या पुडींत बांधून दिल्या होत्या. पुडीवर सूचना नाहीं, तोंडीं इशारा नाहीं. गोळ्या पिंपांत गेल्या, पिंपावर झांकण गेलें, आणि शेजारच्याच खोलींत, मधलें दार उघडें असतां, आमची चार वर्षांची नात निजली. पहांटे तिला वांत्या सुरू झाल्या, धाप लागली. दोन रात्री रुग्णालयांत काढल्यावर मुलगी वांचली. डॉक्टरांनीं मग समजावून सांगितलें कीं, ती गोळी म्हणजे अॅल्युमिनियम फॉस्फाइड. हवेंतील ओलाव्याशीं तिचा संबंध आला कीं फॉस्फिन नांवाचा विषारी वायु सुटतो. कोठारें हवाबंद करून, शिकलेल्या माणसांनींच वापरावयाचें तें औषध. राहत्या घरांत त्याचें कांहीं काम नाहीं.

तेव्हांपासून घरांत दोन पक्ष पडले. मुलीची आई म्हणते, ह्या उंबरठ्याच्या आंत पुन्हां औषध येणार नाहीं. तिचें म्हणणें कोण खोटें म्हणेल? पण मग ह्या वर्षीं तुरीस भुंगे लागून अर्धा डबा गुरांपुढें टाकावा लागला, जोंधळ्याचें पीठ कडवट लागूं लागलें, आणि आमच्या सौभाग्यवतींनीं ‘अन्नपूर्णा उकिरड्यावर टाकण्याचे दिवस आले’ म्हणून दोन दिवस अबोला धरला. चिरंजीवांचें मत, गोळी वाईट नव्हती, ठेवण्याची रीत चुकली. मी आयुष्यभर मुलांस संधि आणि समास शिकविले. घरांतला हा विग्रह मात्र मला सोडवितां येईना.

हरिपूरच्या वाड्यांत पाऊल टाकतांच हळदीचा वास आला. मामेबंधु, म्हणजे आमचे बापू, मजहून सहा वर्षांनीं वडील. वहिनींनीं हातावर गुळाचा खडा ठेवला आणि म्हणाल्या, “भावजी, उद्यां पेव उघडायचें आहे. बऱ्या दिवशीं आलांत.”

पेव पाहिलें नसेल अशा वाचकांसाठीं दोन शब्द लिहितों. पेव म्हणजे जमिनींत खणलेला, घागरीच्या आकाराचा खड्डा. तोंड एवढें अरुंद कीं एक माणूस कसाबसा उतरावा. आंत मात्र पोट मोठें, दोन-तीन पुरुष खोल. येथील माती घट्ट आहे, ढासळत नाहीं, पाणी आंत घेत नाहीं. ह्या मातीमुळेंच शतकाहून अधिक काळ हरिपूरच्या पेवांत हळद सांठविली जात आली. तळाशीं व कडेनें पाला आणि चटया लावून हळद भरतात आणि तोंड मातीनें लिंपून बंद करतात. वर्ष दोन वर्षें हळद आंत राहिली तरी तिचा रंग उतरत नाहीं आणि तिला कीड लागत नाहीं, अशी ह्या पेवांची ख्याति. १९०० सालापूर्वींचीं कागदपत्रें बापूंच्या पेटींत असतील म्हणून मीं चौकशी केली, पण त्यांच्या पेटींत जमाखर्चापेक्षां पत्रिकाच अधिक निघाल्या.

आज हीं पेवें थोडींच वापरांत उरलीं आहेत. २००५ सालच्या महापुरांत कृष्णेचें पाणी गांवांत शिरलें, पेवांत उतरलें, आणि हळदीसकट पुष्कळ पेवें नासलीं. २०१९ सालीं पुन्हां तोच प्रसंग आला. व्यापारी गोदामांकडे व शीतगृहांकडे वळले. २०१८ सालीं सांगलीच्या हळदीस भौगोलिक मानांकन मिळालें खरें, पण तें हळदीस मिळालें. पेवें बुजत चाललीं तीं चाललींच. बापूंचें हें एक पेव उंचवट्यावर असल्यामुळें वांचलें.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं तोंडावरची माती फोडली. ज्या वृद्ध गृहस्थानें हें काम केलें त्याच्या तीन पिढ्या पेवें भरण्यांत गेल्या होत्या. तोंड मोकळें झाल्यावर त्यानें कोणासही जवळ येऊं दिलें नाहीं. बराच वेळ जाऊं दिला, मग दोरीस कंदील बांधून आंत सोडला. कंदील चार हात उतरला असेल नसेल, ज्योत आक्रसली आणि विझली. “अजून नाहीं,” एवढेंच तो म्हणाला आणि तंबाखू मळूं लागला. तिसऱ्या खेपेस कंदील तळापर्यंत जळत गेला, तेव्हां माणूस आंत उतरला. ही परीक्षा टाळून घाईनें उतरलेल्या माणसांनीं पेवांत प्राण गमावल्याच्या गोष्टी त्या प्रांतांत अजून सांगतात.

ज्योत कां विझली? बापूंची नात कीटकशास्त्र घेऊन कृषि महाविद्यालयांतून पदव्युत्तर परीक्षा उत्तीर्ण झालेली आहे. तिला मीं हें विचारलें. ती म्हणाली, “आजोबा, हळद श्वास घेते, तिच्यांतले किडे श्वास घेतात. तोंड बंद, तेव्हां आंतला प्राणवायु संपत जातो आणि कार्बन डायऑक्साइड वाढत जातो. प्राणवायु शंभरांत दोन-तीन भागांवर आला कीं किडे मरतात. स्वतःच्याच श्वासानें मरतात.” हळदीस लागणारा तो लालसर तपकिरी भुंगेरा तंबाखूसही लागतो. विड्या-सिगारेटींच्या कारखान्यांतला तो कुप्रसिद्ध चोर. त्याचे मेलेले चार देह तिनें मला दाखविले. त्यांच्या शेजारींच दुसरा एक किडा मरून पडला होता. अंगानें थोडा मोठा, लांबट, तांबूस. “हा त्याला खाणारा,” ती म्हणाली. “थॅनेरोक्लेरस. सुंठ, हळद अशा मालाबरोबर जगभर फिरला आहे. भुंगेऱ्याच्या अळ्या शोधून खातो. पण पेवांत दोघेही सारखेच.”

मला हें नवीन होतें. धान्याचा शत्रु कीड, हें आपण जाणतों. पण त्या शत्रूसही घरांतच शत्रु असतो, आणि तो बाहेरून आणावा लागत नाहीं, हें माझ्या पासष्ट वर्षांत कोणी सांगितलें नव्हतें.

खरा पाठ मिळाला तो तिसऱ्या दिवशीं, माडीवर. बापूंच्या माडीवर भिंतींत बांधलेलें जुनें बळद आहे; त्यांत बियाण्याचा जोंधळा, आणि शेजारीं शेणानें सारविलेल्या दोन कणग्यांत तूर व हरभरा. पूर्वेस एक लहान खिडकी. सकाळचें ऊन तिच्या कांचेवर आलें तेव्हां कांचेवर पंधरा-वीस काळ्या माश्या वरखालीं चालतांना दिसल्या. माश्या म्हणणेंही चूक; तिळाएवढ्या, अंगावर किंचित् हिरवी झांक, पुढें दोन बारीक मिशा सारख्या हलत असलेल्या. कीड पंख फुटून उडूं लागली, असें समजून मीं खांद्यावरचा पंचा उगारला.

“भावजी, त्यांना मारूं नका,” वहिनी जिन्यांतून म्हणाल्या. “त्या दिसल्या कीं पुढें टोके ओसरतात. सासूबाईही त्यांना मारूं देत नसत.”

नातीनें भिंग आणून दिलें. अॅनिसोप्टेरोमॅलस कॅलँड्री असें ह्या प्राण्याचें शास्त्रीय नांव आहे. जिव्हेस व्यायाम म्हणून ठीक, पण येथें आपण तिला भृंगी म्हणूं. तसें कां म्हणतों तें लवकरच कळेल. मुलीनें बळदांतला मूठभर जोंधळा बशींत ओतला, त्यावर एक भृंगी सोडली, आणि मी अर्धा तास भिंगाखालून डोळा काढला नाहीं.

टोका आपल्या सोंडेनें दाण्यास भोंक पाडतो, मादी त्यांत अंडें घालते आणि वरून लुकणासारखा बूच बसविते. अळी दाण्याच्या आंतच वाढते, आंतच कोश करते, आणि महिन्या-सव्वा महिन्यानें पूर्ण किडा होऊन बाहेर पडते. गृहिणीस किडा दिसतो तो तेव्हां. म्हणजे घर लुटून चोर दारांतून बाहेर पडतांना. पण भृंगीस तो आंत असतांनाच कळतो. ती दाण्यावरून मिशा आपटीत चालते, एखाद्या दाण्यावर थांबते, पुन्हां पुन्हां त्याची चांचपणी करते. मग शेपटाकडील सुईसारखी नळी दाण्यांत खुपसून आंतल्या अळीस दंश करते. अळी लुळी पडते, मरत नाहीं. तिच्या अंगावर भृंगी एकच अंडें घालते. अंड्यांतून निघालेली भृंगीची अळी त्या लुळ्या अळीस बाहेरून शोषून खाते, त्याच दाण्यांत कोश करते, आणि उन्हाळ्याच्या दिवसांत सुमारें पंधरवड्यांत नवी भृंगी दाणा कुरतडून बाहेर येते. आणखी एक गोष्ट मुलीनें सांगितली ती मला फार आवडली. दाण्यांतली अळी मोठी असली तर भृंगी बहुधा मुलगी होईल असें अंडें घालते, लहान असली तर मुलगा होईल असें. लेकीस पोटभर लागतें, हें तिला कळतें.

मी भिंग खालीं ठेवलें आणि मला माझ्याच वर्गाची आठवण झाली. कीटभृंगन्याय! भृंगी अळीस धरून आपल्या घरांत कोंडते. अळी भयानें भृंगीचें निरंतर ध्यान करते. आणि त्या ध्यानानें अखेर अळीची भृंगी होते. हा दृष्टान्त मीं किती वर्षें शिकविला असेल! आपले संत तो सांगतात, वेदान्ताचे ग्रंथ तो सांगतात. मातीचीं घरटीं करणारी कुंभारीण अळ्या आणून कोंडते, आणि कांहीं दिवसांनीं त्या घरट्यांतून कुंभारीणच बाहेर येते. प्राचीनांनीं जें पाहिलें तें अगदीं खरें पाहिलें. मधली पायरी तेवढी त्यांच्या दृष्टीआड राहिली: अळीची भृंगी होत नाहीं, अळी भृंगीच्या लेकराचें अन्न होते. दृष्टान्त म्हणून त्याचें मोल मला आजही कमी वाटत नाहीं. पण एका मुलानें एकदां वर्गांत विचारलें होतें, “सर, मग त्या अळीचें काय होतें?” आणि मीं त्याला खालीं बसविलें होतें. तो मुलगा आज कोठें असेल कोण जाणे. त्याचा प्रश्न बरोबर होता.

त्याच दिवशीं आणखी एका न्यायाची गत लागली. घुण लांकूड किंवा पुस्तक कोरतो आणि त्यांत अवचित एखादें अक्षर उमटतें, तो घुणाक्षरन्याय. म्हणजे त्या लिपींत अर्थ शोधूं नये. पण बळदांतल्या दाण्यांवरचीं भोंकें वाचतां येतात. टोका बाहेर पडला तर भोंक मोठें, कडा वेड्यावांकड्या. भृंगी बाहेर पडली तर भोंक बारीक, गोल, सुबक. मुलीनें शंभर दाणे मोजून दोन ढीग केले. अर्ध्याहून कमी दाणे सुबक भोंकांचे होते. आपल्या बाजूचें सैन्य लढत होतें, पण जिंकलें नव्हतें.

ह्या सैन्यांत इतर शिपाईही आहेत. तुरीच्या कणगींत भुंग्याच्या अळ्यांवर वाढणारी दुसरी एक माशी होती. फटींत एक चिमुकला ढेकणासारखा किडा होता. त्यास इंग्रज लोक गोदामांतला चांचा म्हणतात. तो किड्यांचीं अंडीं व लहान अळ्या यांत सोंड खुपसून रस पितो. पोथ्यांच्या रुमालांत कधीं कधीं दिसणारा, शेपटी नसलेला इवलासा विंचू आपण चिमटीनें बाहेर टाकतों. तोही असल्याच बारीक जीवांवर जगतो. मात्र सारेच सज्जन आहेत असें समजूं नये. अळ्यांस शोषणारी एक सूक्ष्म गोचिडीच्या जातीची कीड आहे. पोतीं उचलणाऱ्या माणसाच्या अंगासही ती डसते आणि दोन दिवस खाज उठविते. सोयऱ्यांतही असा एखादा निघतोच.

संध्याकाळीं संगमावर बसलों असतां बापूंस मीं कौटिल्याची गोष्ट सांगितली. अर्थशास्त्राच्या चौथ्या अधिकरणांत दैवी आपत्तींचा विचार आहे. तेथें उंदरांचा उपद्रव झाला असतां मांजरें व मुंगसें मोकळीं सोडावीं असें सांगून, त्यांस जो धरील किंवा मारील त्याला बारा पण दंड सांगितला आहे. नुसतें मांजर सोडा म्हणणारे पुष्कळ असतात. त्याला मारणाऱ्यास दंड ठेवणारा राज्यकर्ता विरळा. बापू थोडा वेळ पाण्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, “मास्तर, मग तुमच्या घरीं गोळी ठेवली त्या दिवशीं बारा पण किती वेळां भरावे लागले असते?”

त्यांच्या विनोदांत शास्त्र आहे. राहत्या घरांतल्या पिंपांत ठेवलेल्या गोळीचा वायु टिकून राहत नाहीं, तो फटींतून घरांत पसरतो. दाण्याच्या आंत दडलेलीं अंडीं व कोश अशा अर्धवट धुरांतून तगून जातात. दाण्यावर उघडी फिरणारी नाजुक भृंगी आधीं मरते. फवाऱ्याच्या औषधांचेंही बहुधा तसेंच. किड्यापेक्षां त्याच्या शत्रूस तें लवकर बाधतें. शिवाय फॉस्फिनला न जुमानणाऱ्या किड्यांच्या जाती आतां आपल्याही देशांत आढळल्या आहेत. म्हणजे आपण चोर ठेवून पहारेकरी मारतों, आणि घरचीं मुलें धोक्यांत घालतों.

चवथ्या दिवशीं नात मला एका प्रयोगशाळेंत घेऊन गेली. उंसाच्या खोडकिडीचीं अंडीं नासविणारी ट्रायकोग्रामा नांवाची अतिसूक्ष्म माशी तेथें तयार करतात. कागदाच्या एका पट्टीवर सुमारें वीस हजार अंडीं चिकटवितात, त्यांतून माश्या निघतात, आणि शेतकरी ती पट्टी उंसांत टांगतो. पण हीं अंडीं कोणाचीं? तांदुळांत व जोंधळ्यांत जाळीं करणाऱ्या पाकोळीचीं! भरडलेल्या जोंधळ्याच्या पेट्यांत पाकोळ्या मुद्दाम पाळतात, त्यांचीं अंडीं गोळा करतात, अतिनील किरणांनीं त्यांतला गर्भ मारतात आणि ट्रायकोग्रामास तीं खाऊं घालतात. जी पाकोळी आमच्या घरीं शाप, ती तेथें दुभती गाय. त्याहून गंमत पुढें आहे. पाकोळीच्या अळीस दंश करून लुळी पाडणारी ब्रॅकॉन हिबेटर नांवाची माशी घरच्या कोठींत आपली मैत्रीण. पण ह्या प्रयोगशाळेच्या दारांवर दुहेरी जाळ्या होत्या त्या केवळ तिच्या भीतीनें. ती एकदां आंत शिरली कीं पेट्यांच्या पेट्या ओस पाडते. तेथील मदतनीस तिचें नांव घेतांना असा चेहरा करी, जणूं गांवांत दरोडेखोर आला आहे. मित्र कोण आणि शत्रु कोण, हें कोठार कोणाचें आहे त्यावर ठरतें.

परदेशांतही ह्या विषयावर पुष्कळ काम झालें आहे. जपानांत क्योटो येथील उतिदा नांवाच्या संशोधकांनीं अझुकी नांवाच्या कडधान्यावर भुंगे आणि त्यांवर जगणारी माशी एकत्र ठेवून शंभरांहून अधिक पिढ्या मोजल्या. तें काम १९५७ सालीं प्रसिद्ध झालें. भुंगे वाढले कीं मागून माश्या वाढत, मग भुंगे घटत, मग उपासानें माश्या घटत, आणि पुन्हां भुंगे वाढत. रहाट चालूच. दोघांपैकीं कोणीही नाहींसा झाला नाहीं. अमेरिकेंत १९९२ सालीं सांठविलेल्या धान्यांत व गोदामांत असे मित्रकीटक सोडण्यास सरकारनें मोकळीक दिली. जर्मनींत तर घरच्या फडताळांतल्या पाकोळ्यांसाठीं ट्रायकोग्रामाच्या पट्ट्या टपालानें मागवितां येतात. आफ्रिकेंतली कथा अधिक कष्टाची आहे. अमेरिकेंतून मक्याबरोबर गेलेला एक मोठा भुंगेरा टांझानियांत १९८० च्या आसपास व टोगोंत १९८४ सालीं दिसला आणि त्यानें शेतकऱ्यांचीं मक्याचीं कोठारें पोखरून काढलीं. त्याच्या मूळ देशांतला, त्याला खाणारा दुसरा भुंगेरा आणून १९९१ सालीं टोगोंत सोडला. कांहीं भागांत उतार पडला, कांहींत पडला नाहीं.

हें सारें ऐकून वाचकांनीं उद्यांपासून कोठींत माश्या पाळूं लागावें असें माझें म्हणणें नाहीं. उतिदांच्या प्रयोगावरूनच उघड आहे कीं, माशी किडीस लगाम घालते, तिचा वंश बुडवीत नाहीं. ती उशीरा येते. तिला किडे असावे लागतात, तेव्हांच ती वाढते. आणि ती मेली कीं तिचे पंख, पाय धान्यांतच राहतात. चाळून, पांखडून काढावे लागतात. खाण्याचें धान्य उन्हांत कडकडीत वाळवावें, गार झाल्यावर भरावें, तुरीस एरंडेल चोळावें, कडूनिंबाचा पाला घालावा, जुन्या धान्याच्या तळांतला भुसा नव्यांत मिसळूं देऊं नये. हें आपल्या आजींचें शास्त्र होतें तसेंच उभें आहे. तेल लावलेल्या तुरीवर भुंग्याचें अंडें जगत नाहीं, हें प्रयोगांनींही सिद्ध झालें आहे. भृंगीचा खरा उपयोग बियाण्यास, किंवा जेथें धान्य मोठ्या बळदांत दीर्घकाळ राहावयाचें आहे आणि विष घालणें इष्ट नाहीं तेथें. माझा वहिनींशीं एवढाच मतभेद झाला. त्या माश्या दिसल्या कीं निश्चिंत होतात. मला वाटतें, माश्या दिसणें म्हणजे आंत किडे आहेत याची वर्दी आहे, तेव्हां त्याच आठवड्यांत चाळण हातीं घ्यावी. वहिनी हंसून म्हणाल्या, “चाळीन कीं. पण मग बळदापाशीं बसून भिंग लावायला तुम्ही थांबा.”

निघतांना मुलीनें मला दोन बरण्या दिल्या. दोन्हींत बळदांतलाच जोंधळा, दोन्हींत वीस-वीस टोके. तोंडास पातळ कापड बांधलेलें. एकींत सहा भृंगी सोडलेल्या, दुसरींत एकही नाहीं. मिरजेच्या गाडींत त्या बरण्या मांडीवर घेऊन बसलेल्या मला पाहून समोरच्या बाईंनीं विचारलें, “लोणचें कां?” मीं “हो” म्हटलें, खरें सांगत बसलों असतों तर पुण्यापर्यंत पुरलें नसतें.

घरीं दोन्ही बरण्या माझ्या अभ्यासाच्या खिडकींत ठेवल्या. थंडीचे दिवस, त्यामुळें सारेंच सावकाश चाललें. पौषांत दोन्हींत फरक दिसेना. आमच्या सौभाग्यवतींनीं ‘घरांतली कीड पुरेना म्हणून बाहेरून आणली’ असा शेरा मारला. माघाच्या मध्यावर ऊन तापूं लागलें आणि माशी नसलेल्या बरणींत तळाशीं पांढरें पीठ सांठूं लागलें. फाल्गुनांत त्या बरणीस हात लावला तर जोंधळा हातास उबदार लागे. किडे अतोनात वाढले कीं धान्य असें तापतें. दुसरीतही टोके होते, नव्हते असें नाहीं. पण दाणे बहुतेक उभे होते, पीठ बोटभरही नव्हतें, आणि कापडाखालीं त्या काळ्या माश्या उजेडाकडे तोंड करून चालत होत्या. नातीस ह्या माश्यांचा भारी नाद लागला. शाळेंतून आली कीं दप्तर टाकून आधीं ती बरणीपाशीं जाई आणि माझें भिंग मागे. तिच्या आईनें पहिले कांहीं दिवस तिला खिडकीजवळ जाऊं दिलें नाहीं. मग एके दिवशीं मींच पाहिलें, माय-लेकी दोघी डोकीं जुळवून भिंगांत पाहत होत्या.

चिरंजीवांनीं नवें पत्र्याचें पिंप आणलें. झांकणास रबराची कडी आहे, हवा जात नाहीं. वहिनींच्या पेवाची धाकटी बहीण म्हणावयास हरकत नाहीं. त्यांत खाण्याचा जोंधळा वाळवून भरला. बियाणें मात्र जुन्या कणगींतच राहूं द्यावें असें ठरलें. हें मी ठरविलें नाहीं. गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशीं कोठीची खिडकी पुसतांना सूनबाईंनीं मला हांक मारली. “मामंजी, बरणींतल्या माश्या आतां पुष्कळ झाल्या आहेत. कणगीपाशीं नेऊन कापड सोडूं का?”